मायच्या वहीत 'दान' हा शब्द नव्हता



मी बेळगावचा, कॅम्पातला. घरात कोकणी, गल्लीत मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड असं आमचं बालपण. इथं बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मंडळींनी आपल्या आई-आजीबद्दल लिहिलेलं मी आवडीनं वाचतो. आपल्यातल्या कॅथलिक घरांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून आज मी लिहितोय. श्रद्धांजली म्हणून नव्हे. घरात एक वाद चाललाय, त्यात माझी बाजू मांडायला लिहितोय. वाचा आणि काय वाटतं ते सांगा.

माझी माय मागच्या वर्षी जुलैत गेली. ८६ वर्षांची होती. जन्म खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, १९३८ चा. १९५९ मध्ये लग्न होऊन बेळगावात आली. बाबा शिंपी. कॅम्पात शिंप्यांना तेव्हा बरं काम असायचं, पलटणीतल्या लोकांचे युनिफॉर्म, साहेबांचे कोट-पॅन्टी. बाबा मशीनवर आणि माय खाली चटईवर बसून काजबटण, तुरपाई करायची. आम्ही चार भावंडं. थोरली बहीण, मग मी, मग दोघं धाकटे.

ती गेली तेव्हा चर्च भरलं होतं. बाहेर पावसात छत्र्या घेऊन लोक उभे. त्या दिवशी आणि नंतरही जो भेटला तो तेच तीन-चार शब्द बोलला. प्रेमळ होती, धार्मिक होती, घरासाठी राबली, गोरगरिबांना दिलं. एकानं तर "आपल्या बेळगावची मदर तेरेसा" असं म्हटलं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मीही हात जोडून ऐकून घेतलं.

खरं (बेळगावचे लोक 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात, सांभाळून घ्या) तेव्हापासून मला ते शब्द टोचतायत. 'देवमाणूस' म्हटलं की विषय संपतो. ती होती म्हणून तिला जमलं, आपल्याला कुठं जमणार, असं म्हणून माणूस मोकळा होतो. माय काय करत होती, कसं करत होती, त्याला काय किंमत पडली आणि ती कुणी भरली, हे कुणी विचारतच नाही.

वादाचं मूळ म्हणजे एक वही.

यंदा जुलैत तिच्या वर्षाची मिस्सा झाली, तेव्हा सगळे जमले होते. तिची पत्र्याची ट्रंक उघडली. लग्नातली साडी, बाबांची कापडं मापायची टेप, आमच्या बाप्तिस्म्याचे दाखले, आणि तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही. दुकानदार रोजकीर्द लिहितात तसली, लांबडी. आत मराठीत, मायच्या मोठ्या टपोऱ्या अक्षरात, १९६८ पासूनचा हिशेब. तारीख, घर, काय दिलं, किती दिलं, पुढं काय झालं. नावानिशी.

माझ्या बहिणीची मुलगी पुण्याला असते. हुशार आहे, आजीवर जीव होता तिचा. ती म्हणाली, मामा, या वहीची पानं स्कॅन करून नाताळपर्यंत एक छानशी पुस्तिका काढू. आजीनं काय काम केलंय ते लोकांना कळू दे. सगळ्यांना पटलं. मी नको म्हटलं. त्यावरून गेले तीन महिने आमच्यात नीट बोलणं नाही.

मी नको का म्हणतो ते कळायला आधी मायची पद्धत सांगायला हवी.

ती रोज सकाळच्या मिस्सेला जायची. संध्याकाळी दिवे लागले की जपमाळ. आम्ही चौघं गुडघ्यावर, धाकटा पेंगायचा, त्याला चिमटा. उपवासकाळात चाळीस दिवस घरात मटण-मासळी नाही, आणि त्याचे वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात. मंगळवारी सेंट अँथनीच्या पेटीत नाणं. रोज भाताचे तांदूळ मापले की त्यातली एक मूठ काढून मातीच्या बरणीत. हे सगळं कॅथलिक घरांत चालतंच, त्यात विशेष काही नाही. आमच्या शेजारच्या हिंदू घरातही मूठभर तांदूळ देवाच्या नावानं बाजूला पडायचे.

चर्चमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी होती. ही मूळ पॅरिसची. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या मित्रांनी १८३३ मध्ये काढली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. त्यांचा नियम साधा. गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, त्याच्या घरी आपण जायचं. एकट्यानं नाही, दोघांनी. बसायचं, बोलायचं, मग काय लागतं ते बघायचं. आणि दर बैठकीत एक बंद पिशवी फिरते. प्रत्येकानं मूठ झाकून आत हात घालायचा. कुणी रुपया टाकला, कुणी चार आणे, कुणी नुसताच हात घालून काढला, कुणाला कळत नाही. कितीतरी वर्षं ही सोसायटी पुरुषांचीच होती, बायकांना बरोबरीचं सभासदत्व मिळालं ते १९६० चं दशक संपता संपता. बाबा सभासद होते. माय तेव्हा नावाला सभासद नव्हती. बाबांना दुकान सोडून जायला जमत नसे, म्हणून त्यांच्या वाटची घरं ती करायची. नाव कागदावर आलं ते पुष्कळ नंतर.

तिची जोडीदारीण गल्लीतलीच एक विधवा बाई. दोघी गुरुवारी दुपारी निघायच्या. शहापूर, वडगाव इकडं विणकरांची घरं. पावसाळ्यात खड्ड्याच्या मागात ओल येते, सूत धड राहत नाही, काम थांबतं. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत सोडत नाही. ते चार महिने त्या घरांना कठीण.

आता बघा ती कशी जायची. पिशवीत खाली तांदूळ, डाळ, औषधाची बाटली. वर शिवलेला एखादा परकर नाहीतर पोलकं, घडी घालून. शिंप्याची बायको शिलाई पोचवायला आलीय, असं गल्लीला वाटायचं. कधी कधी तर तोच एक परकर तीन गुरुवार फिरून घरी यायचा. बाबा हसायचे, "ह्या परकरानं अख्खं शहापूर बघितलं."

नाताळात नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल व्हायचं. गल्लीत सगळ्यांकडं ताट जायचं, त्या घरांनाही जायचं. ताट एकसारखंच. कारखानदाराच्या घरी जेवढ्या नेवऱ्या तेवढ्याच तिथं. एकदा मी विचारलं, तिकडं जास्त द्यायला नको काय? म्हणाली, "जास्त दिलं की ते भिक्षेचं होतंय. सारखं दिलं की सणाचं."

आणि एक नियम तिचा स्वतःचा होता. एका वेळी पाच घरं, सहावं नाही. जपमाळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा 'नमो मरिया'. एकेक भाग एकेका घरासाठी. आम्ही लहानपणी समजायचो की ती डोळे मिटून देवाशी बोलतेय. ती खरं तर घरं मोजत असायची. कुठल्या पोराला खोकला होता, कुणाची फी राहिली.

हा नियम ऐकायला गोड वाटतो, बघायला नव्हता. मी नववीत असताना एक बाई दारात आली. कडेवर मूल. मायनं तिला बसवलं, चहा दिला, मुलाला पाव दिला, आणि सांगितलं की मला सध्या जमणार नाही, अमक्या ठिकाणी जा, मी चिठ्ठी देते. बाई रडली. गेली. मी मायवर भडकलो. ती म्हणाली, "सहावं घर घेतलं तर पाचांना अर्धं मिळतंय. अर्ध्यानं कुणीच उभं राहत नाही बघ." आणि उठून आत गेली. रात्री जेवली नाही. म्हणून म्हणतो, देवमाणूस म्हणू नका. देवमाणसाला 'नाही' म्हणायला लागत नाही. हिला लागायचं, आणि तिनं ते म्हटलं.

आता किंमत कुणी भरली ते सांगतो.

१९७७ ची गोष्ट. मी पंधरा वर्षांचा. शाळा लांब, सायकल हवी होती. मायनं माझ्या नावानं भिशी लावलेली. भिशी उचलली, साडेतीनशे रुपये आले. मी दुकानात जाऊन काळी सायकल बघूनही ठेवली. शनिवारी आणायची, असं ठरलं. शुक्रवारी डब्यात १७० रुपये. बाकीचे १८० गुरुवारीच गेलेले. वडगावच्या एका घरात कर्ता माणूस क्षयानं आजारी, घरभाडं थकलेलं, सामान रस्त्यावर यायची वेळ आलेली.

मी बोललो नाही ते बरं, असं काहीबाही बोललो. "तुला बाहेरची पोरं आमच्यापेक्षा जवळची" हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. बाबा मध्ये पडले नाहीत. माय ऐकत राहिली. मला वाटलं, आता देव, गरीब, त्याग यावर व्याख्यान ऐकायला मिळणार. तसलं काही नाही. ती म्हणाली, "पैसे तुझे होते. तुला विचारायला पायजे होतं मी. चुकलं माझं." आणि पुढच्या महिन्यापासून दर पहिल्या तारखेला माझ्या हातात पंधरा रुपये. काजबटणाचं जादा काम घेऊन. बारा महिने. सायकल एक वर्षानं आली.

ही हकिकत मी विसरलोही होतो. यंदा वहीत ती सापडली. १९७७ च्या पानावर, वडगावच्या त्या घराच्या नोंदीखाली, माझं नाव. 'थोरल्या मुलाकडून घेतले १८०.' आणि समोर बारा बारीक टिका. मुलाकडून न विचारता घेतलेलं तिनं आपल्या पुण्यात धरलं नव्हतं, कर्जात धरलं होतं.

माझे पैसे फिरले. माझ्या बहिणीचे दिवस मात्र फिरले नाहीत. ही गोष्ट तिच्या परवानगीनं लिहितोय. माय गुरुवारी जायची तेव्हा घर कोण बघायचं? बारा वर्षांची पोरगी. भाकऱ्या, भांडी, धाकट्या दोघांचं हगणं-मुतणं, बाबांचा चारचा चहा. मॅट्रिकला तिला मार्क कमी पडले. ती आता ६५ वर्षांची आहे. ट्रंक उघडली त्या रात्री ती मला म्हणाली, "वहीत सगळ्यांची नावं आहेत. माझं नाही." मी पानं उलटून बघितली. खरंच नाही.

मी याचा विचार पुष्कळ केला. माय हिशेबाला पक्की. मुलाचे १८० रुपये लिहिणारी बाई मुलीचे गुरुवार कसे विसरली? मला वाटतं, तिला ते दिसलेच नाहीत. तिच्या आईनंही तिचे असेच वापरले असणार. मायला मी यासाठी दोष देत बसत नाही, पण झाकतही नाही. आपण आपल्या आयांच्या समाजसेवेबद्दल लिहितो तेव्हा त्या दुपारी घरी चूल कुणी पेटवली, हे एका ओळीत तरी लिहावं. बहुतेक घरांत ती थोरली मुलगी असते.

वहीत आणखी काय आहे? अर्ज आहेत. १९८४ च्या सुमारास विधवा वेतनाचे फॉर्म भरायला लागले. फॉर्म कन्नडमध्ये. माय मराठी शाळेत चौथी शिकलेली. कन्नड बोलायला यायचं, वाचायला नाही. कुणाला तरी फॉर्म भरून द्या म्हणून दोन-तीनदा विनवलं, मग कंटाळून धाकट्याचं कन्नडचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसली. ४६ व्या वर्षी. वहीच्या मागच्या पानांवर तिनं गिरवलेली कन्नड मुळाक्षरं आहेत, आणि प्रत्येक अक्षराखाली मराठी अक्षर.

बेळगावात ही गोष्ट किती नाजूक, ते सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. एक नोव्हेंबर म्हणजे १९५६ पासून आमच्याकडं एकाच दिवशी दोन दिवस. एका बाजूला राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे. दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस, काळे झेंडे, मूक फेरी. आणि आम्हा कॅथलिकांचा तोच सर्व संतांचा सण, मिस्सा चुकवायची नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. घरात आम्ही पोरं तापलेलो. आणि माय टेबलावर कन्नड फॉर्म भरत बसलेली. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी ठेव बाजूला. ती म्हणाली, "मी मराठीच हाय. खरं, त्या बाईला वेतन कन्नडातच मिळतंय." ती भाषेच्या बाजूनं नव्हती असं नाही. आयुष्यभर वही मराठीतच लिहिली तिनं. पण दुसऱ्याची भाकरी तिनं आपल्या अभिमानावर कधी अडवली नाही.

आता वहीच्या पहिल्या पानावर येतो. सगळं त्यातच आहे.

वहीला तिनं नाव दिलंय. वर मध्यभागी एक क्रूस आणि खाली एकच शब्द: 'देणं'. दान नाही, धर्म नाही, सेवा नाही. मराठीत 'देणं' म्हणजे देण्याची क्रिया, आणि 'देणं' म्हणजे फेडायचं कर्जही. मायला हे सुचलं की सहज आलं, देव जाणे. पण पहिलं पान वाचलं की कुठला अर्थ होता ते कळतं. पहिल्या पानावर तिनं कुणाला काही दिलेलं नाही. तिथं आम्हाला काय मिळालं त्याची यादी आहे.

१९६८ मध्ये बाबा विषमज्वरानं सात आठवडे अंथरुणाला होते. मी सहा वर्षांचा, एवढंच आठवतं की मशीनचा आवाज बंद झाला होता. शिंप्याचं मशीन थांबलं की घर थांबतं. तेव्हाची यादी:

तांदूळ चार शेर, समोरच्या घरातून.
दूध रोज अर्धा शेर, १९ दिवस, गवळ्यानं पैसे धरले नाहीत.
रॉकेल दोन बाटल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं उधारीत लिहिलं नाही.
रात्री जागायला मागच्या घरची मुसलमान आजी, सहा रात्री.
पंचवीस रुपये, चर्चमधून, पाकिटात, नाव नाही.

आणि शेवटची ओळ: 'पाकीट दाराखालून सरकवले. कोणी बघितले नाही.'

ती एक ओळ वाचून मला सगळा परकर, सगळी पिशवी कळली. आम्ही घेणारे होतो. तिला माहीत होतं, दारावर कुणी मोठ्यानं हाक मारून पैसे दिले असते तर गल्लीत मान वर करून चालता आलं नसतं. कुणीतरी तिची लाज राखली होती. पुढची पन्नास वर्षं ती तेच फेडत होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात उजव्या हाताचं डाव्याला कळू न देण्याची शिकवण आहे. ती मायनं प्रवचनात ऐकली असेल, पण शिकली ती त्या पाकिटावरून.

म्हणून मी म्हणतो की वही छापायची नाही.

त्या वहीत नावं आहेत. वडगावच्या त्या घरातली मुलं आज पन्नाशी-साठीची असतील. कुणाचा कारखाना असेल, कुणी शिक्षक झाला असेल, कुणाच्या घरात आता सून आली असेल. मायच्या मिस्सेला सगळ्यात मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. चांगल्या कपड्यातले. दफनाला आले, मूठभर माती टाकली. मी विचारलं, आपण? म्हणाले, "ओळख होती." बस. मी आणखी विचारलं नाही. त्यांना जेवढं सांगायचं होतं तेवढं त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईचं नाव आणि 'तांदूळ तीन शेर' असं पुस्तिकेत छापून मी मायचा मोठेपणा दाखवायचा? त्या माणसाची लाज मायनं पन्नास वर्षं राखली, आणि आम्ही ती एका नाताळात उघडी करायची?

भाचीचं म्हणणं मला कळतं. ती म्हणते, लपवून ठेवलं तर पुढच्यांनी शिकायचं कशातून? आणि सगळंच गुपचूप चाललं तर पैसा कुठं गेला ते कसं कळणार? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. गुपचूपपणाच्या आड घोटाळेही होतात, आपण बघतोच. पण मायकडं हिशेब होता. पैसा-पैशाचा. दर महिन्याला ती सोसायटीत वाचून दाखवायची, किती आले, किती गेले, कशावर गेले. घर म्हणून फक्त 'क्रमांक तीन'. हिशेब उघडा, माणूस झाकलेला. आज आपल्याकडं उलटं झालंय. माणूस उघडा, हिशेब झाकलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापूर आला, पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी. लोकांनी खूप दिलं, मनापासून दिलं, मी नाकारत नाही. पण प्रत्येक किटमागं बॅनर, बॅनरपुढं फोटो. एका फोटोत एक बाई पिठाची पिशवी धरून उभी होती, मान खाली. मायला मी मोबाइलवर दाखवला. तेव्हा ती ८१ वर्षांची. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पिठाचं पोतं दाखवा की. तिचं तोंड कशाला?"

देणारी माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. आपण सगळेच घाईत आहोत. एकदा द्यायचं, फोटो काढायचा, पुढं जायचं. मायच्या पद्धतीला वेळ लागतो. पाचच घरं, पण दर गुरुवारी, वर्षानुवर्षं, ती घरं उभी राहीपर्यंत. वहीत काही नोंदींपुढं तिनं लिहिलंय, 'आता नको म्हणाले.' त्या शब्दांखाली दोन रेघा मारलेल्या. तिला सर्वात मोठा आनंद त्याचा व्हायचा, हे त्या रेघांवरून दिसतं.

तर मंडळी, माझं मत असं. आपल्या आई-आजींवर लिहा, भरपूर लिहा. पण 'प्रेमळ, धार्मिक, सेवाभावी' एवढ्यावर थांबू नका. ती कुठल्या वारी जायची, पिशवीत काय असायचं, कुणाला नाही म्हणायची, घरात कुणाचं काय राहिलं, ते लिहा. आणि तिनं ज्यांना दिलं त्यांची नावं लिहू नका. ती तिची मिळकत नव्हती, ठेव होती.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. बराच वेळ बोललो. शेवटी असं ठरलंय: पुस्तिकेत वहीतलं फक्त पहिलं पान छापायचं, कारण ते आमचं आहे. त्यातले घेणारे आम्ही, लाज गेली तर आमची जाईल. मागची कन्नड मुळाक्षरांची पानंही घ्यायची. बाकीची वही कापडात बांधून पुन्हा ट्रंकेत. भाची म्हणाली, आणि मम्मीचं नाव? मी म्हटलं, ते आपण लिहू. पहिल्या पानाखाली, आपल्या अक्षरात. 'थोरली मुलगी. गुरुवार दुपार. बारा वर्षं.'

बहिणीला विचारलं, चालेल काय? ती म्हणाली, "तेरा वर्षं. नीट लिहा."

दोन तारखेला सिमेट्रीत जाऊ, मेणबत्त्या लावू. माय-बाबांच्या शेजारी त्या जोडीदारीण बाईंचीही कबर आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिथं एक मेणबत्ती माय दरवर्षी लावायची. आता ती आमच्याकडं आली.